आमांनी घेतलेलं पाणी

आमांना बिनसाखरेची कॉफी चालत नाही. मेल्यावरसुद्धा नाही. निदान मी तरी चार वर्षं तसंच धरून चालले, कारण त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि दुसऱ्या कुणाला विचारावं तर कुणाला पडलीय!

आमा म्हणजे माझे वडील, उंबू वुलांग. आमच्या सुंबा बेटावर मेलेल्या माणसाला घाईनं पुरून मोकळं होत नाहीत. गुडघे छातीशी घेऊन बसवतात, घरी विणलेल्या कापडांत गुंडाळतात, आणि सगळं जमून येईपर्यंत तो घरातच राहतो. त्याला सकाळ-संध्याकाळ कॉफी द्यायची, मक्याचा भात द्यायचा, पानसुपारी द्यायची. एकटं सोडायचं नाही. जवळ बसणारं माणूस घरच्या रक्ताचं हवं, आणि त्यानं आवाराच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. आमच्या घरात ते माणूस म्हणजे मी, राम्बू लेपिर, बिनलग्नाची मुलगी. पुरेपर्यंत लग्नही नाही.

पहिले काही महिने मला त्याचं काही वाटलं नाही. बापाजवळ बसायला कसला आलाय कंटाळा? पण सगळं जमून येईना. म्हशी होत्या, घोडा होता, थडग्याचा दगड ओढून आणून अंगणात टाकलेला होता. कोंबड्या त्यावर बसून घाण करायच्या. घोडं अडलं होतं ते ओंजळभर पाण्यावर.

ते पाणी सांगते.

आमा शहरातल्या दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होते. माझा धाकटा भाऊ हुंगा शाळेत असतानाच ख्रिस्ती झाला होता. तेव्हापासून त्याचं नाव मार्टिनुस, आणि हुंगा म्हटलं की कपाळाला आठी. तो त्याच्या पाळकांना घेऊन आला. पाळक योहानिस माणूस वाईट नव्हता. जाडसर, घामाघूम, बसायच्या आधी परवानगी विचारणारा. मार्टिनुस औषधाच्या रांगेत गेला आणि खोलीत आम्ही तिघंच उरलो.

पाळकांनी विचारलं, "बाबा, देव एकच आहे, मानता ना तुम्ही?"

आमांनी डोळे उघडले. "एकच आहे. दुसरा आणू कुठून?"

पाळकांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "मग नाव घ्या त्याचं."

चारचौघांत कुणी शिवी दिली की घरातला मोठा माणूस जसा दुसरीकडे बघतो, तसे आमा खिडकीकडे बघायला लागले. ज्यानं आपल्याला मळलं, घडवलं, टाळूवर केसांची गाठ बांधली, त्याचं नाव आमच्यात घेत नाहीत. तो एकच आहे, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण म्हणून ऊठसूट त्याच्या दारात जाऊन हाका मारायच्या? मुलीला मागणी घालायला नवरदेव स्वतः जातो का? वुनांग जातो, मधला बोलणारा माणूस. तो त्यांच्या वुनांगशी बोलतो, मग ते आत बोलतात. तसंच हे. आपण आपल्या मारापूंना, वाडवडिलांना सांगायचं. ते त्यांच्या वडिलांना सांगतात. असं करत करत वर पोचतं. पाळकांना वाटलं, म्हाताऱ्याला धाप लागली म्हणून बोलवत नाही. त्यांनी पेल्यातलं पाणी ओंजळीत घेऊन आमांच्या डोक्यावर सोडलं आणि प्रार्थना म्हटली. आमांनी मान वाकवून ते घेतलं. शिवाय ओघळलेलं पाणी तळहातावर धरून घोटभर प्यायले. मग मला म्हणाले, "लेपिर, पाहुण्यांना पान दे."

पाहुण्यानं आणलेलं नाकारायचं नसतं. सुंब्यात तुमच्या वैऱ्यानं जरी पानाची टोपली पुढं केली तरी हात घालायचाच, नाही तर सुरा काढल्यासारखंच आहे ते. आमांनी तेच केलं. पण दारात मार्टिनुस उभा होता, हातात औषधाच्या पुड्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्याचा बाप ख्रिस्ती झाला होता. दुसऱ्या दिवशी आमा गेले.

झालं! घरी आणलं आणि तमाशा सुरू.

मार्टिनुस म्हणाला, "आमांनी पाणी घेतलंय. ते पाळकांच्या देवळाच्या मागच्या जागेत झोपणार. म्हैस नाही, घोडा नाही, मारापूंना हाका नाहीत."

थोरला रेतांगदादा म्हणाला, "आमा या घराचे मालक होते. ते वाडवडिलांकडे जाणार. बिनघोड्याचे काय चालत जातील?"

आणि आमच्या घराचा नियम असा की पाणी घेतलेल्याला मारापूंच्या गावात वाट नाही. म्हणजे मार्टिनुस खरा असेल, तर दादानं कितीही म्हशी कापल्या तरी आमा वेशीवर ताटकळणार. दादा खरा असेल, तर मार्टिनुसनं पुरलेला बाप वाऱ्यावर. दोघांनाही बापाचीच काळजी, हेच तर वाईट. त्यातला एखादा नालायक असता तर मी दुसऱ्याची बाजू घेऊन सुटले असते.

पहिल्याच वर्षी मार्टिनुस म्हणाला होता, "लेपिर दमते. मी बसतो आमांजवळ."

दादा कडाडला, "पाणी घेतलेल्याच्या हातचं आमांना चालत नाही!"

"मग वहिनी बसेल."

इपूवहिनी चुलीपाशी होती. ती वळूनही न बघता म्हणाली, "माझं रक्त दुसऱ्या घराचं. भावोजी, नियम तुमच्याच दादांनी सांगितलाय." दादाची मुलं अजून नाक पुसायच्या वयाची. फिरून फिरून भोपळे चौकात, आणि चौकात मी.

दोमूचं मागणं आमा जिवंत असतानाच आलं होतं. दोमू पलीकडच्या खोऱ्यातला, घोड्यांची ने-आण करणारा ट्रक चालवायचा. त्यांच्याकडचा वुनांग दोनदा येऊन गेला होता, बोलणं जवळजवळ पक्कं झालं होतं. आता दोमू महिन्यातून एकदा कुंपणापलीकडे ट्रक उभा करायचा. तो बाहेर, मी आत, मध्ये निवडुंग.

"कधी?" तो विचारायचा.

"त्यांना विचार."

"तुझे आमा काय म्हणतात?"

"कॉफी गोड झाली म्हणतात."

तो हसायचा. पहिली दोन वर्षं हसला. मग नुसता मान हलवायला लागला.

बैठका काय थोड्या झाल्या! आमचा वुनांग उंबू तुंगू, पांढऱ्या भुवयांचा, तोंडात कायम पान. तुंगूकाका आणि मार्टिनुस समोरासमोर बसले की गाव ऐकायला जमायचं.

"तुमचे देव किती? मोजा तरी," मार्टिनुस म्हणायचा. "माळ्यावरचा भाला देव, सोन्याचं डूल देव, कुंपणातला दगड देव."

"ते देव नव्हेत, बसायच्या जागा आहेत. तू खुर्चीवर बसतोस, म्हणून खुर्चीला मार्टिनुस म्हणायचं का? बरं, तुमच्यात किती?"

"एक."

"बाप, मुलगा, आणि तो तिसरा वाऱ्यासारखा कोण?"

"ते तीन म्हणजे एकच."

"मग आमचे शंभर म्हणजे एक का नाही? तीनपर्यंत चालतं आणि पुढं महाग पडतं, असं आहे का काही?"

लोक खो खो हसायचे. किनाऱ्यावरचा दुकानदार कासिम साखर पोचवायला आला की दारातूनच म्हणायचा, "दोघंही चुकताय. एक म्हणजे एक. ना मुलगा, ना मधला माणूस. आता साखर कुठं ठेवू?" त्यालाही लोक हसायचे. सगळ्यांची करमणूक व्हायची. मी आत आमांच्या शेजारी बसून ऐकायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. यांना वरचा एक आहे की शंभर याची पंचाईत. खाली एकच आहे, ती मी, ती कुणाला मोजता येत नव्हती.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात मोठी बैठक बसली. ठरलं, की लेपिरनं काय पाहिलं ते सांगायचं, आणि त्यावर निकाल. मला वाटलं, सुटले! आदल्या दिवशी मी आमांना सांगितलंसुद्धा, "उद्या होईल हं तुमचं."

बैठकीत बाईमाणूस थेट बोलत नाही. मी आतून तुंगूकाकांना सांगायचं, त्यांनी बाहेर मांडायचं. मी म्हणाले, "सांगा, आमा म्हणाले एकच आहे." काकांनी ते जुन्या बोलीत, दोन-दोन ओळींच्या जोड्यांनी, वेळू आणि वेलासारखं लांबवत नेलं. मार्टिनुस उठला. "तिलाच बोलू द्या! माणसाला तोंड दिलंय ना देवानं?"

मी बाहेर आले. म्हणाले, "आमा म्हणाले, एकच आहे. नाव घ्या म्हटल्यावर घेतलं नाही. पाणी दिलं ते घेतलं, प्यायले, आणि पाहुण्यांना पान द्यायला सांगितलं. एवढंच."

"ऐकलंत? एक म्हणाले, पाणी घेतलं!" मार्टिनुस.

"ऐकलंत? नाव घेतलं नाही, पान दिलं!" दादा.

आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. कुणी म्हणालं पाणी पोटात गेलं म्हणजे आत गेलं, कुणी म्हणालं पोटातलं बाहेर जातं. दुपार कलली तसे लोक उठायला लागले. तुंगूकाका म्हणाले, "पुढच्या सुगीनंतर पुन्हा बसू."

माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. "आणि मी?"

सगळे थांबले. दादाला खरंच कळलं नाही मी काय विचारतेय. तो म्हणाला, "तुझं काय? तू बस."

त्यात दुष्टावा नव्हता. म्हणून तर ते शब्द अजून टोचतात.

त्या महिन्यात दोमू आला तेव्हा त्यानं ट्रकचं इंजिन बंद केलं नाही. "आई म्हणते, सुगीपर्यंत थांबू. मग मामाच्या मुलीचं बघायचं."

"तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणू, लेपिर? मी जिवंत माणसाशी भांडू शकतो. तुझ्या आमांशी कसं भांडू?"

तो गेल्यावर मी आत जाऊन आमांसमोर बसले आणि त्यांच्याशी भांडले. पहिल्यांदाच. म्हणाले, "नको म्हणायचं होतं ना! एकदा नको म्हटलं असतं तर काय जीभ झडली असती? पाहुण्याची मर्जी राखलीत, लेकीचं काय?" रडले, ओरडले, कॉफी दिली नाही. संध्याकाळी पुन्हा दिली, जास्त साखर घालून.

आणि तेव्हाच डोक्यात आलं. पाणी घेतलेल्याच्या हातचं आमांना चालत नाही. मग ते पाणीच घेतलं तर? दार तर कधीचं उघडं होतं. फक्त त्यातून एकदा बाहेर पडलं की परत आमांपाशी येता येणार नव्हतं. शेवटचं पान दुसऱ्या कुणाच्या हातचं. माती लोटताना मी, पाणी घेतलेल्यांना वेगळं ठेवायला बांधतात त्या दोरीपलीकडे. आठ-दहा दिवस मी तोच हिशेब करत बसले. एकीकडे जिवंत माणूस ट्रक घेऊन निघून चाललेला, दुसरीकडे मेलेला बाप माझ्या हाताची वाट बघणारा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत पाणीच!

शेवटी मी मार्टिनुसला म्हणाले, "भाऊ, तुझ्या पाळकांना बोलाव."

तो आनंदानं रडायला लागला. त्याला रडू लवकर येतं. "लेपिर, तुला विश्वास वाटतो?"

"मला दार हवंय."

पाळक आले. आता आणखी जाड झाले होते, पण बसायच्या आधी परवानगी विचारायची सवय तीच. मी कुंपणाशी उभी राहून सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. त्यांनी घाम पुसला. "पोरी, दारासाठी पाणी देता येत नाही मला. विश्वास लागतो."

"एक आहे हे मला माहीत आहे," मी म्हणाले. "ते मला तुमच्या आधीपासून माहीत होतं. आमांनाही माहीत होतं. तुम्ही विचारलंत आणि तुम्हाला वाटलं, तुम्हीच सांगितलंत."

ते म्हणाले, "माझ्या आजीलाही माहीत होतं. ती पाणी न घेता गेली. मला अजून काळजी वाटते, की ती कुठं असेल." मग विचारलं, "नाव घेशील?"

मी घेतलं. ते त्यांच्याकडचं नाव होतं, शाळेत रोज ऐकलेलं. माझ्या जिभेला काही झालं नाही. आमच्यातलं नाव मी आजही घेतलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर पाणी सोडलं. गार होतं. मी प्यायले नाही.

दादाला कळलं तेव्हा तो माझ्या अंगावर धावून आला. "काय केलंस हे? आता आमांजवळ कोण बसणार?"

"रक्ताचं माणूस," चुलीपुढून इपूवहिनी म्हणाली. "पाणी न घेतलेलं."

दादानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. तसा माणूस घरात एकच होता.

मी मार्टिनुसच्या घरी राहायला गेले. पहिल्या दिवशी रस्त्यावरून चालताना मला चक्कर आली, इतका मोकळा रस्ता. पण दर सकाळी कॉफीच्या वेळेला हात आपोआप दोन पेले काढायचे. मार्टिनुसची बायको एक पेला मुकाट्यानं परत ठेवायची. बरी बाई होती.

आणि दादा बसला. घोड्यांच्या बाजाराचा दिवस आला, दादा बसलेला. शेजारच्या गावात लग्न, दादा बसलेला. वहिनी सांगायची, दिवसातून पाच वेळा कुंपणापर्यंत येतो, उभा राहतो, परत जातो. कॉफी पातळ करतो, साखर विसरतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते उगाच नाही. जे चार वर्षं चार गावच्या शहाण्यांना सुटलं नाही, ते रेतांगदादाला महिना-दीड महिन्यात सुटलं. त्यानं तुंगूकाकांना आणि मार्टिनुसला बोलावलं आणि म्हणाला, "सकाळी तुझी प्रार्थना, दुपारी माझा घोडा. वरचा एकच असेल तर त्याला दोन्हीकडून ऐकू जाईल. बरेच असतील तर वाटून घेतील. पण पुरा आता!"

कुणी हूं का चूं केलं नाही. पाळकांनीसुद्धा नाही. मला हसू आलं आणि लगेच इतका संताप आला की मी परसात जाऊन डोकं धरून बसले. म्हणजे हे होण्यासारखं होतं! पहिल्याच वर्षी होण्यासारखं होतं. फक्त त्या चटईवर दादाचं बूड टेकायला हवं होतं.

पुरायच्या दिवशी गाव लोटलं. अंगणात दोरी बांधलेली. इकडे पाणी घेतलेल्यांची ताडपत्री, वेगळी चूल, वेगळं कापलेलं डुक्कर. तिकडे घंटा, म्हशी, आणि तुंगूकाकांचा खणखणीत आवाज. आमांना बाहेर आणलं. कापडांवर कापडं, मोठं गाठोडंच. मी त्यांना चार वर्षं अंधारात पाहिलं होतं. उन्हात ते किती लहान दिसत होते! कुणीतरी बाई, कुठल्या काकांची सून, शेवटचं पान त्यांच्यापुढं ठेवत होती. सुपारी डाव्या हातानं ठेवली तिनं. मी ओरडणार होते. मार्टिनुसच्या बायकोनं माझा हात धरला.

दगड सरकवायच्या आधी दादा दोरीपाशी आला. चेहरा सुकलेला, दाढी वाढलेली. रस्त्यावर दोमूचा ट्रक उभा होता. त्याची आई समोरच्या बाकावर बसून माझी वाट बघत होती. ती म्हणे म्हणाली होती, पोरगी आण, पाण्याबिण्याचं मी बघते. दादानं ट्रककडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"कसं बसलीस गं तू?" तो म्हणाला. "चार वर्षं?"

इतकी वर्षं मनात साठवलेल्या शिव्या होत्या, त्यातली एक आठवेना.

"आमांना सांगायचंय, मी निघाले म्हणून," मी म्हणाले. माझं पाऊल दोरीकडं गेलं तसा त्यानं हात आडवा केला. रागानं नाही. नियम होता, आणि तो त्याच्याही हातात राहिला नव्हता.

"तू जा," तो म्हणाला. "मी सांगतो त्यांना."

देवळात दर रविवारी मला सांगत होते की मध्ये कुणी लागत नाही, थेट बोलायचं. मी दादाकडं पाहिलं आणि म्हणाले, "डावीकडून सांग. उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही."